अलहम्ब्राचं तिकीट: स्पॅनिश शिकणाऱ्याचे पैसे वसूल होतात का?

अलहम्ब्रा म्हणजे स्पेनमधल्या ग्रानादा शहरातला मुस्लिम सुलतानांचा किल्ला आणि राजवाडे. निकाल आधीच सांगून टाकू. स्पॅनिश बी-वनच्या (मधल्या पातळीच्या) आसपास असेल तर होतात. ए-वनला (अगदी सुरुवातीच्या पातळीला) असाल तर तिकीट पुढच्या सत्रावर ढकला, 20 युरोंच्या आसपासचा खर्च आहे.

ग्रानादात भाषा शिकायला आलेल्या प्रत्येकाच्या यादीत अलहम्ब्रा असतोच, पण बहुतेक जण इंग्रजी ऑडिओ गाइड कानाला लावून तो पाहतात. पैसे भरून वर्गात बसायचं आणि कानात बोळे घालायचे, त्यातला प्रकार! ऑडिओ गाइडचे पैसे वेगळे पडतात, पण घ्यायचाच तर स्पॅनिश घ्या.

तिकीट घेताना नाव नीट वाचा. सर्वसाधारण तिकिटात आल्काथाबा (किल्ला), नासरी घराण्याचे राजवाडे आणि हेनेरालिफे (बागांमधला उन्हाळी महाल) हे तिन्ही येतात. ‘हार्दिनेस’वालं (बागांचं) तिकीट स्वस्त दिसतं, पण त्यात नासरी राजवाडेच नाहीत. चांगल्या तारखा संपल्या की घाईघाईत लोक नेमकं तेच घेऊन बसतात. मार्च ते ऑक्टोबर या काळासाठी काही आठवडे आधी, अधिकृत संकेतस्थळावरच खरेदी करा. मधले विक्रेते तेच तिकीट वर पैसे लावून विकतात.

फॉर्ममध्ये आपली माणसं हमखास दोन ठिकाणी अडतात. एक, ओळखपत्राचा प्रकार. डीएनआय म्हणजे आठ आकडे आणि एक अक्षर असा स्पॅनिश नागरिकांचा क्रमांक, त्या रकान्यात भारतीय पासपोर्टचा नंबर बसत नाही. ‘पासापोर्ते’ निवडा. दोन, आडनाव. स्पेनमध्ये माणसाला वडिलांकडचं एक आणि आईकडचं एक अशी दोन आडनावं असतात, म्हणून ‘आपेयीदोस’ (आडनावं) हा शब्द अनेकवचनी. तिथे वडिलांचं नाव घुसडू नका. पासपोर्टवर जे आडनाव आहे तेवढंच लिहा, बाकीचं सगळं ‘नोम्ब्रे’मध्ये (नावाच्या रकान्यात). तिकीट नावावर असतं आणि आत शिरताना मूळ पासपोर्ट दाखवावा लागतो. फोटोवर विसंबू नका.

सगळ्यात महाग पडणारी चूक वेळेची. तिकिटावर छापलेली वेळ नासरी राजवाड्यांच्या दाराची असते, बाहेरच्या फाटकाची नाही. तिकीटखिडकीच्या बाजूने आलात तर तिथून राजवाड्यांपर्यंत पंधरा-वीस मिनिटांची चाल आहे, आणि वेळ हुकली की राजवाडे हुकले. तिकीट आधीच हातात असेल तर खिडकीकडे जाऊच नका. प्लाथा नुएवा या चौकापासून कुएस्ता दे गोमेरेथचा चढ धरा. वाटेत पुएर्ता दे लास ग्रानादास लागतं, त्याच्या माथ्यावर दगडी डाळिंबं आहेत (‘ग्रानादा’ म्हणजे डाळिंबच). मग 1348 च्या पुएर्ता दे ला हुस्तिथिया या दरवाजातून सरळ आत. आधी आल्काथाबा, ठरल्या वेळी राजवाडे, मग पार्तालच्या बागा आणि शेवटी हेनेरालिफे. सकाळी साडेआठची वेळ मिळाली असेल तर राजवाडे आधी. एकूण साडेतीन तास धरा. हिवाळ्यात सहालाच बंद होतं, तेव्हा दुपारी उशिरा गेलं तर हेनेरालिफे धावत उरकावं लागतं.

आता भाषेकडे. ऐतिहासिक फलकांवर पदोपदी भेटणारी रचना म्हणजे ‘मान्दो कोन्स्त्रुइर’. इंग्रजीतून शिकणारे ‘बांधण्याची आज्ञा दिली’ असं फोडत बसतात. मराठीत हे एका क्रियापदात आहे: सुलतान पहिल्या युसूफने दरवाजा बांधवला. भूतकाळाच्या दोन रूपांचंही तेच. ‘एल आग्वा येगो’ म्हणजे पाणी आलं. ‘एल आग्वा येगाबा’ म्हणजे पाणी येई. हा ‘येई’ ज्याच्या कानात आहे त्याला इम्पेरफेक्तोचे (या दुसऱ्या रूपाचे) नियम घोकायला नकोत. आणि ते पाणी आणणारी ‘आथेकिया’ म्हणजे आपला पाट. दार्रो नदीचं पाणी पाटानेच टेकडीवर आणलं होतं. हेनेरालिफेतल्या पातियो दे ला आथेकियात (पाटाच्या चौकात) उभं राहून ‘येगाबा’चं वाक्य म्हटलं की पक्कं बसतं.

अरबीतून स्पॅनिशमध्ये गेलेले काही शब्द तर घरचेच. ‘आल्काल्दे’, म्हणजे महापौर, हा मुळात काजी. कस्टम्सला ‘आदुआना’ म्हणतात, त्यात दिवाण लपला आहे. ‘फुलानो’ म्हणजे फलाणा. ‘नारान्हा’ म्हणजे संत्रं, आपलं नारिंग, संस्कृतातून फारसी-अरबीमार्गे तिकडे पोहोचलेलं.

उणी बाजू अशी की खुद्द राजवाड्यांत वाचायला फारसं काही नाही. भिंतींवर मजकूर भरपूर, पण तो अरबीत. सिंहांच्या चौकात, 124 खांबांमध्ये आणि 12 सिंहांभोवती इतकी गर्दी असते की निवांत थांबता येत नाही. शिवाय तिथल्या गाइडांचा आन्दालुसियन उच्चार शब्दाअखेरचा ‘स’ गिळतो. ‘लोस लेओनेस’चं ‘लो लेओने’ होतं आणि एकवचन-अनेकवचनाचा गोंधळ उडतो. क्रियापदावर कान ठेवा. खरं वाचन अलहम्ब्राच्या आवारातल्या, सम्राट पाचव्या कार्लोसच्या राजवाड्यातल्या संग्रहालयात होतं. या राजवाड्यात शिरायला तिकीट लागत नाही, पण संग्रहालय सोमवारी बंद. उतरताना सी-30 बस प्लाथा इसाबेल ला कातोलिकाला सोडते. वर जाताना चालकाला विचारायचं झालं तर ‘ह’ उच्चारू नका, ‘आलाम्ब्रा’ म्हणा.

ए-वनवाल्यांनी तूर्तास खालीच फिरावं. कापिया रेआल या राजघराण्याच्या चॅपलसमोर 1349 ची मद्रसा आहे, आज ती विद्यापीठाकडे आहे. बसच्या त्याच चौकात राणी इसाबेल आणि कोलंबसाचा पुतळा आहे. तारखा आणि अंक मोठ्याने वाचण्याच्या सरावाला एवढं पुरतं.