दादरची डंगरी: कापड झकास, खिसे नाटकी

परळच्या गणपती कारखान्यात माझं काम डोळ्यांच्या आखणीचं. छोट्या मूर्तींसमोर उकिडवं बसायचं, मोठ्या मूर्तींसाठी शिडीवर चढायचं, आणि संध्याकाळी रंगाचे डाग घेऊन घरी जायचं. दरवर्षी जुने सलवार-कमीज बाद होतात, म्हणून या वेळी दादर पश्चिमेच्या एका दुकानातून डंगरी घेतली, म्हणजे छातीवर कापडाची फळी आणि खांद्यावर पट्टे असलेली पँट. साडेचौदाशे रुपये. अठराशे सांगत होता, शेजारच्या दुकानाकडे वळल्यावर उतरला.

कापडाला पूर्ण मार्क. निव्वळ सुती. विक्रेता स्ट्रेचवालीच गळ्यात मारायला बघत होता, ‘ताई, बसायला सोपी जाईल’ म्हणून. नको. स्ट्रेच गुडघ्यावर फुगतं ते फुगतंच. हिच्या पायाची कड उलटून बघा: बाहेरून निळी, आतून पांढरट. उभा धागा रंगवलेला, आडवा कोरा आणि वीण तिरकी, हे खरं डेनिम. पहिल्या धुण्यात बादलीभर निळं पाणी सोडते, तेवढी वेगळी धुवा. बूडही ऐसपैस आहे, उकिडवं बसल्यावर शिवण कुरकुरत नाही.

गळ्याशी लेबल आहे, ‘अमेरिकन वर्कवेअर’. अरे बाबा, ही तर दादरपासून चार-पाच स्टेशनांवरची! मुंबईतल्याच डोंगरीची, सँडहर्स्ट रोड स्टेशनच्या बाहेरची. २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्या स्टेशनलाच डोंगरी नाव द्यायचं ठरवलं. तिथलं जाडंभरडं सुती कापड ते डोंगरी, आणि इंग्रजांच्या तोंडी डंगरी. सतराव्या शतकापासून त्यांच्या लिखाणात हे नाव आहे. त्या कापडाचे तंबू व्हायचे, जहाजांची शिडं व्हायची, खलाशांचे कामाचे कपडेही. कापडाचं नाव मग कपड्यालाच चिकटलं, पण सगळीकडे एकाच कपड्याला नाही. अमेरिकेतली जुनी माणसं साध्या जीन्सच्या पँटला डंगरी म्हणतात, इंग्लंडमध्ये मात्र छातीवर फळी आणि खांद्यावर पट्टे लागतात. आपल्याकडे तर तिसरीच तऱ्हा. कारखान्यांना कपडे पुरवणाऱ्या दुकानात ‘डांगरी’ मागा, गळ्यापासून घोट्यापर्यंत बंद असा बॉयलर सूट समोर येईल. शिडीवर चढणाऱ्याला खरं तर तोच बरा, पण आपल्या मे महिन्यात त्यात माणूस शिजेल.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की कामाचा कपडा म्हणून विकताय तर कामाला येऊ द्या. छातीवरचा खिसा तीन बोटं खोल. वाकलं की ब्रश डोक्यावर आपटून खाली, तोही ओल्या रंगात. मांडीशी हातोडी अडकवायची पट्टी आहे, पण दोन्हीकडून सपाट शिवून टाकलेली, त्यात फडकं खोवायलाही जागा नाही. मागचा एक खिसा तर नुसती शिलाई आहे. आणि रिव्हेट, म्हणजे खिशांच्या कोपऱ्यांवर ठोकायच्या त्या धातूच्या टिकल्या! जेकब डेव्हिस आणि लेव्ही स्ट्रॉस यांनी १८७३ साली पँटवरच्या रिव्हेटचं पेटंट घेतलं, कारण कामगारांचे खिसे कोपऱ्यात फाटायचे. इथे कोपरे नुसत्या दोऱ्यावर आणि रिव्हेट शोभेला वरून चिकटवलेले. एक नखाने निघाला, दुसरा माझ्या काळ्या रंगाच्या वाटीत सापडला. दुकानात परत नेली तर म्हणाला, ‘ताई, सेलचा माल आहे.’ सेलची पाटी मला तरी कुठे दिसली नव्हती.

बायकांसाठी एक सूचना, कारण दुकानात हे कोणी सांगत नाही. बाथरूमला जाताना पट्टे सोडले की मागे थेट जमिनीवर जातात. आधी पुढे ओढून मानेभोवती टाका. कारखान्यातल्या बाथरूमची जमीन कशी असते ते मी लिहीत नाही.

बक्कल मात्र पितळी आणि भक्कम आहे, पट्टा घसरत नाही. माझी उंची पाच फूट एक आणि ‘एम’ साइजचे पट्टे शेवटच्या काजापर्यंत घेऊनही फळी गळ्याशी येते. बुटक्यांनी ‘एस’ घ्या, बूड तिच्यातही पुरेसं आहे. मी आमच्या गल्लीतल्या टेलरकडून खिसा वीतभर खोल करून घेतला आणि कोपऱ्यांना दुहेरी टाके मारून घेतले. त्याने दोनशे घेतले. सोळाशे पन्नासला ही डंगरी घेण्यासारखी आहे, साडेचौदाशेला नाही.