सतराशे रुपयांत शेंगाचटणीची जाहिरात: व्हॉट्सअॅप बिझनेस वापरून बघितलं

मी सोलापूरची. घरीच शेंगाचटणी कुटते, कडक भाकरी करते आणि पार्सलनं पाठवते, बहुतेक पुण्याला. दुकान नाही, वेबसाइट नाही. सून म्हणाली, आई, थोडी जाहिरात करू या. म्हटलं कर, पण दोन हजाराच्या वर एक रुपया जाता कामा नये.

इतका हात राखून का, तर आधी पोळले होते. एका एजन्सीवाल्याला तीन हजार दिले. त्यानं महिनाभर रोज एक चित्र टाकलं. एकादशीच्या शुभेच्छा, चहा दिनाच्या शुभेच्छा, आणि कोपऱ्यात मोहरीएवढी माझी चटणी. चहाचा आणि चटणीचा काय संबंध ओ? महिनाअखेर फॉलोअर वाढल्याचा आकडा दाखवला. त्यातल्या एकानंही भाव विचारला नाही.

मग आम्ही दोघींनीच इन्स्टाग्रामवर पहिली जाहिरात लावली. उखळात चटणी कुटतानाचा व्हिडिओ, रोज १०० रुपये, सात दिवस. जाहिरातीवर १८ टक्के जीएसटी लागतो, तेव्हा ७०० चे ८२६ झाले. लाइक चारशेच्या वर. ऑर्डरी दोन, त्यातली एक सुनेच्या मावसबहिणीची! कोल्हापूरच्या एकानं खाली लिहिलं, आमच्याकडं याहून झणझणीत मिळते. मिळत असेल बाबा. चूक माझीच होती, घाईत अख्खा महाराष्ट्र निवडला होता. ज्याच्या जिल्ह्यात चांगली चटणी मिळते, तो कुरियरचे पैसे घालून माझी कशाला मागवेल?

दुसरी लावली जानेवारीत, गड्ड्याच्या आधी. सोलापूरबाहेरच्यांसाठी सांगते, संक्रांतीच्या वेळची सिद्धेश्वरांची जत्रा म्हणजे आमचा गड्डा. या वेळी फक्त पुणे आणि पिंपरी-चिंचवड निवडलं. मजकूर एवढाच: "यंदा गड्ड्याला येणं जमत नाही? भोगीची बाजरीची कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुण्यात घरपोच." ज्याला गड्डा कळत नाही तो पुढं सरकतो, ज्याला कळतो तो थांबतोच. बटण दाबलं की थेट आमचं व्हॉट्सअॅप उघडायचं. रोज १५० प्रमाणे पाच दिवस, जीएसटी धरून ८८५. एक्केचाळीस जणांनी मेसेज केले, सतरा जणांनी माल घेतला. एका ऑर्डरीमागं मला साधारण ९० रुपये सुटतात, म्हणजे १५३०. जाहिरातीचे पैसे निघून वर साडेसहाशे उरले. पहिल्या जाहिरातीचा खड्डा धरला तर हिशोब बरोबरीच्या जवळपास येतो, हेही सांगून टाकते.

आता व्हॉट्सअॅप बिझनेसचं, म्हणजे धंद्यासाठीच्या वेगळ्या व्हॉट्सअॅपचं. ॲप फुकट आहे, पण घरचं व्हॉट्सअॅपही चालू ठेवायचं तर वेगळा नंबर लागतो. लँडलाइनही चालते, तिच्यावर फोन करून कोड सांगतात. आम्ही नवं सिम घेतलं. एकाच नंबराला आणखी चार उपकरणं जोडता येतात, त्यामुळं मी कुटायला बसले की सून तिच्या फोनवरून उत्तरं देते.

मला सगळ्यात कामाची वाटली ती क्विक रिप्लायची, म्हणजे साठवून ठेवलेलं उत्तर झटकन पाठवायची सोय. दहातले सात जण पहिला प्रश्न हाच विचारतात: "काकू, मिक्सरची का उखळातली?" बरोबर आहे त्यांचं. मिक्सरमधे दाण्याचं पीठ होतं. उखळात दाणे, लसूण, जिरं, तिखट आणि मीठ एकजीव होऊन तेल सुटतं, चटणी बोटाला चिकटते. आता स्लॅश दाबून एक अक्षर टाकलं की बारा सेकंदांचा व्हिडिओ जातो, त्यात उखळाचा धप्प धप्प आवाज. त्यानंतर उखळाबद्दल कोणी वाद घातलेला नाही. भाव, पॅकिंग, पोहोचायला किती दिवस, या सगळ्याची उत्तरं अशीच साठवलीत.

कॅटलॉगमधे फोटो आणि भाव टाकता येतात. ठीक आहे. पण कुरियरचा खर्च आम्ही हातानंच मिळवून सांगतो. लेबलं, म्हणजे गिऱ्हाइकाच्या चॅटला लावायच्या खुणा, बरी आहेत. "पैसे आले", "पार्सल गेलं" आणि "विचारून सांगते म्हणाल्या" अशी तीन केलीत. तिसऱ्यातल्यांना चार दिवसांनी एकदाच मेसेज करते, दुसऱ्यांदा नाही.

खरी गोम ब्रॉडकास्टमधे, म्हणजे एकच मेसेज एकदम अनेकांना पाठवण्यात आहे. एका यादीत २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोहोचतो. पहिल्यांदा आम्ही सगळ्या जुन्या गिऱ्हाइकांना "ताजी चटणी तयार आहे" असं पाठवलं आणि दिवसभर शुकशुकाट! कारण कळल्यावर ३०० रुपयांत २०० स्टिकर छापून घेतले. पुडीच्या मागं लावतो: "हा नंबर 'चटणी' नावानं सेव्ह करा, ताजी कुटली की कळवते." लोकांनी खरंच तसंच सेव्ह केलंय. हडपसरच्या एक ताई म्हणाल्या, माझ्या फोनमधे तुम्ही 'चटणी' आहात, चहावाल्याच्या शेजारी. त्या सतरा जणांपैकी नऊ जणांनी परत मागवलं, आणि त्यासाठी जाहिरातीचा खर्च शून्य. स्टिकरचे ३०० धरून माझे दोन हजार अकरा झाले. अकरा रुपयांवरून सुनेनं मला अजून सोडलेलं नाही.

ॲपला पाचपैकी चार देईन. महिन्याला पन्नास-साठ ऑर्डरी असतील तर डोळे झाकून घ्या. त्याहून जास्त असतील तर हिशोबाची वही वेगळी ठेवा, लेबलांवर विसंबू नका. आणि रात्री आपोआप उत्तर जाईल अशी सोय पहिल्याच दिवशी लावून ठेवा, नाहीतर साडेअकराला "काकू झोपलात का" असा मेसेज येतो.

पुढच्या गड्ड्यासाठी ९०० रुपये बाजूला काढलेत. सून म्हणते हजार करा. बघू, दाण्याचा भाव काय निघतोय ते.