अलकापुरीतील एका व्हिसा सल्लागाराचे 'दोन देशांचे पॅकेज'

वडोदऱ्याच्या अलकापुरी परिसरातील एका व्हिसा सल्लागाराकडे आम्ही पतिपत्नींनी कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया या दोन्ही देशांच्या पीआरसाठी, म्हणजे कायम वास्तव्याच्या परवान्यासाठी, एकत्रित पॅकेज घेतले. कार्यालयाचे नाव येथे देत नाही. कागदपत्रांचे काम तेथे उत्तम होते. मात्र दोन देशांच्या मागे एकाच वेळी लागावे की नाही, या मूळ प्रश्नावर मिळणारा सल्ला विक्रीच्या अंगाने झुकलेला आहे.

आधी चांगले ते सांगतो. माझी केमिकल इंजिनिअरिंगची पदवी महाराजा सयाजीराव विद्यापीठाची. तिचे मूल्यांकन कॅनडासाठी डब्ल्यूईएस या पदव्या तपासणाऱ्या संस्थेकडून आणि ऑस्ट्रेलियासाठी इंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया या तेथील अभियंत्यांच्या संस्थेकडून करून घ्यायचे होते. कंपनीच्या अनुभवपत्रात आठवड्याचे कामाचे तास लिहून घ्या, हा आग्रह तेथील कागदपत्रे पाहणाऱ्या बाईंनी पहिल्याच भेटीत धरला, कारण पूर्णवेळ नोकरी म्हणून कॅनडा आठवड्याला किमान 30 तास धरतो, तर ऑस्ट्रेलिया 20 तासांपासूनचा अनुभव मोजतो. कामाचे वर्णन दोन्ही फायलींत तंतोतंत जुळले पाहिजे, हेही त्यांनी बजावले. हे दोन देश स्थलांतरितांची माहिती एकमेकांना देतात आणि पूर्वी कुठे व्हिसा नाकारला होता का, हा प्रश्न अर्जात असतोच. इंजिनिअर्स ऑस्ट्रेलियाला द्यावयाचे तीन 'करिअर एपिसोड', म्हणजे स्वतः केलेल्या कामांचे वृत्तांत, त्यांनी मलाच लिहायला लावले. तयार मजकूर विकणारेही या धंद्यात आहेत आणि उचलेगिरी सापडली तर अर्ज फेटाळला जातो, त्यामुळे या बाईंचे मोल मला अधिक वाटते. आयईएल्ट्स ही इंग्रजीची जनरल परीक्षाही एकदाच द्यावी लागली, कारण ती दोन्हीकडे चालते. कॅनडा तो निकाल दोन वर्षे आणि ऑस्ट्रेलिया तीन वर्षे ग्राह्य धरतो.

आता पैशांचे. दोन्ही देश इच्छुकांना रांगेत उभे करून गुणांनुसार अर्जाचे निमंत्रण देतात. त्या रांगेसाठीची कॅनडाची 'एक्स्प्रेस एन्ट्री' प्रोफाइल आणि ऑस्ट्रेलियाचे 'स्किलसिलेक्ट'मधील निवेदन, दोन्ही विनाशुल्क दाखल होतात. पहिले 12 महिने टिकते, दुसरे दोन वर्षे. म्हणजे मूल्यांकन आणि भाषा परीक्षा एवढा खर्च एकदा झाला की दोन्ही रांगांत उभे राहायला सरकारी शुल्क पडत नाही, आणि निमंत्रण आल्यावर दोन्हीकडे 60 दिवसांची मुदत मिळते. खरा खर्च त्यानंतरचा आहे: मुख्य अर्जदारासाठी 2024 च्या दरांनी कॅनडाचे 1,525 कॅनेडियन डॉलर आणि ऑस्ट्रेलियाच्या 189 क्रमांकाच्या कुशल कामगार पीआर व्हिसाचे 4,765 ऑस्ट्रेलियन डॉलर. अर्ज फेटाळला गेला तर कॅनडाच्या रकमेतील 575 डॉलर परत मिळतात. ऑस्ट्रेलियाच्या शुल्कावर मात्र पाणी सोडावे लागते. तेव्हा निमंत्रणापर्यंत दोन्ही देश आणि शुल्क भरताना एकच देश, हा मला शहाणपणाचा मार्ग वाटतो. सल्लागाराचे हप्ते नेमके याच्या उलट बेतलेले आहेत, कारण दुसऱ्या देशाची पूर्ण फी निमंत्रणाआधीच मागितली जाते.

त्यांचा सर्वांत मोहक युक्तिवाद असा की दोन्ही पीआर हाताशी ठेवता येतात. कागदावर ते खरेही आहे: पीआर टिकवण्यासाठी कॅनडात पाच वर्षांत 730 दिवस राहावे लागते आणि ऑस्ट्रेलियातही पीआरधारकाला देशाबाहेर जाऊन परत येण्यासाठी लागणाऱ्या पाच वर्षांच्या परतीच्या व्हिसासाठी गेल्या पाचांपैकी दोन वर्षे पुरतात. परंतु नागरिकत्वाकडे वळताच ही बेरीज मोडते. कॅनडा पाच वर्षांतील 1,095 दिवस मागतो, तर ऑस्ट्रेलिया चार वर्षांचे वास्तव्य मागतो आणि त्या चार वर्षांत एकूण 12 महिन्यांपेक्षा अधिक काळ बाहेर राहू देत नाही. शाळेत जाणारे मूल आणि दोघांच्या नोकऱ्या असलेल्या घराने दर दोन वर्षांनी खंड बदलावा, ही कल्पना सल्लागाराच्या टेबलावरच सोपी दिसते. दोन देशांचा खरा उपयोग निवडीपुरता आहे. तिशीपासून कॅनडात वयाचे गुण घटू लागतात, ऑस्ट्रेलियात मात्र 32 वर्षांपर्यंत पूर्ण 30 गुण मिळतात, त्यामुळे आमच्यासारख्यांना दुसरी रांग धरून ठेवण्यात अर्थ आहे.

आणखी एक उणीव. कॅनडाची फाइल पाहणारे सल्लागार तेथील 'कॉलेज' म्हणवणाऱ्या, सल्लागारांवर देखरेख ठेवणाऱ्या नियामक संस्थेच्या सार्वजनिक नोंदवहीत सापडले. ऑस्ट्रेलियाची फाइल कोणत्या नोंदणीकृत मायग्रेशन एजंटच्या नावावर चालणार, हे मात्र विचारल्याशिवाय सांगितले गेले नाही. तो नोंदणी क्रमांक करारात लिहून घ्यावा आणि दुसऱ्या देशाचा हप्ता निमंत्रणानंतर देय ठेवावा. आम्ही लेखी मागणी केल्यावर कार्यालयाने दोन्ही बदल मान्य केले.