चौदा महिन्यांनंतर: मालकाचा पलंग, ढेकूण आणि करारातली एक ओळ

कोथरूडचा वन बीएचके, अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार, पलंग-कपाट मालकाचं. ऊन, पाणी, पार्किंग, कशालाच नाव ठेवायला जागा नाही. तिसऱ्या आठवड्यात दंडावर ओळीनं गांध्या उठल्या. डास समजून आठ दिवस कॉइल जाळली. मग एका रात्री टॉर्च मारला, तर पलंगाच्या खाचेत ढेकूण.

मालककाका म्हणाले, "तुम्हीच आणले असतील." तोवर मी वाचून शहाणी झाले होते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम १४: करारात वेगळं ठरलं नसेल तर घर राहण्याजोगं ठेवणं मालकाचं काम. १५ दिवसांची नोटीस देऊनही हलले नाहीत, तर भाडेकरूनं दुरुस्ती करून खर्च भाड्यातून कापावा, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. ओळखीच्या वकीलबाईंनी हवाच काढली. लिव्ह अँड लायसन्सवाली कायद्यानं भाडेकरूच नाही, परवानाधारक, म्हणजे राहायची नुसती परवानगी असलेली. करारात असेल तेवढं तुझं. शिवाय फवारणी म्हणजे दुरुस्ती का, हा आणखी एक वाद. आमच्या करारात ढेकणांचं नाव नव्हतं. 'फर्निचर सुस्थितीत मिळालं' ही ओळ मात्र होती, खाली माझी सही!

खरं काम केलं फवारणीवाल्या दादांनी. पलंगाचं डोकं सोडवलं तर मागे काळे ठिपके आणि कातींचा थर. "ताई, ही वस्ती तीन आठवड्यांची नाही." तोच फोटो काकांना पाठवला. निम्मा खर्च कबूल.

पहिल्या फवारणीवर समाधान मानू नका. अंड्यांवर औषध फारसं चालत नाही, आठवडा-दहा दिवसांत पिल्लं बाहेर. दुसरी फवारणी पंधरा दिवसांनी हवीच. ती मागितल्यावर कंपनीची तीन महिन्यांची गॅरंटी फोनच उचलेना, म्हणून दुसऱ्याकडून करून घेतली. चादरी-उशा कडक पाण्यात, ते वेगळंच.

नूतनीकरणाच्या वेळी ओळ घातली: ढेकूण, वाळवी मालकाच्या खर्चानं, कळवल्यापासून दहा दिवसांत, स्वयंपाकघरातली झुरळं माझी. काका कुरकुरले, "एवढं कशाला लिहायचं?" झुरळांची वाटणी मला रास्तच वाटली, खरकटं माझंच असतं. पावसाळ्यात बाथरूमच्या चौकटीला वाळवी लागली. एक मेसेज केला, सहाव्या दिवशी माणूस दारात.

पलंग मात्र तोच आहे. लोखंडी घ्या म्हणून दोनदा सांगून झालं.