मॅनेटचा प्रोजेक्ट करताय? एनएस-3 घ्या, पण मोबिलिटी (म्हणजे फोनची हालचाल) आपल्या गावची टाका

मॅनेट म्हणजे टॉवर नको, राउटर नको, हातातले फोनच एकमेकांचे मेसेज पुढे पाठवणार. 2019 च्या महापुरात सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलेलं ज्यांनी बघितलंय त्यांना हा विषय का महत्त्वाचा ते सांगायला नको. पण खरे 50 फोन घेऊन प्रयोग करणं विद्यार्थ्याला परवडतंय कुठं, म्हणून सिम्युलेटर, म्हणजे कॉम्प्युटरवरच नेटवर्कची नक्कल करणारं सॉफ्टवेअर, आणि त्यात माझी पसंती एनएस-3 लाच.

फुकट आहे, ओपन सोर्स आहे, 2008 पासून चालू आहे. एओडीव्ही, डीएसआर, ओएलएसआर, डीएसडीव्ही हे मेसेजचा रस्ता (रूट) ठरवणारे चारही राउटिंग प्रोटोकॉल आयते मिळतात. पॅकेट किती पोचले, किती उशिरा पोचले ते त्यातला फ्लोमॉनिटर काढून देतो, आणि पॅकेटची नोंद असलेली पीकॅप फाईल वायरशार्क या पॅकेट बघायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली की एओडीव्हीची रूट रिक्वेस्ट (रस्ता विचारणारा मेसेज) एका नोडकडून, म्हणजे एका फोनकडून, दुसऱ्याकडं कशी पसरत जाते ते ओळीनं दिसतं, पुस्तकातली आकृती बघून हे असं डोक्यात बसत नाही.

सोबत मॅनेटच्या राउटिंगची तुलना करणारं एक तयार उदाहरण येतं, सगळे तिथूनच सुरुवात करतात. 50 नोड, 300 बाय 1500 मीटरची मोकळी जागा, 200 सेकंद, आणि स्पीड शून्य ते 20 मीटर प्रति सेकंद यातला कुठलाही. आता 20 मीटर म्हणजे तासाला 72 किलोमीटर, गणपती पेठेत कोण चालवतंय एवढ्या जोरात? शिवाय किमान स्पीड शून्य ठेवला की ज्याला अगदी कमी स्पीड मिळाला तो नोड रांगतच राहतो, असे नोड साठत जातात, सरासरी वेग हळूहळू उतरतो आणि रिझल्ट उगाच चांगले दिसायला लागतात. किमान 1 तरी ठेवा.

त्याहून भारी म्हणजे ओपनस्ट्रीटमॅपवरून सांगलीचा नकाशा घ्या, सुमो या ट्रॅफिकच्या सिम्युलेटरमध्ये विश्रामबाग ते आयर्विन पूल गाड्या सोडा, त्याची ट्रेस (कुठली गाडी कधी कुठं होती त्याची नोंद) एनएस-2 या जुन्या सिम्युलेटरच्या फॉरमॅटमध्ये काढा आणि एनएस-3 ला द्या, तो ती वाचतो. नोड रस्त्यानं जातात, चौकात थांबतात, आणि एओडीव्हीचे रूट कुठं तुटतात ते बघण्यात खरा अभ्यास आहे! फक्त उदाहरणातलं सिग्नल अंतरानं किती कमी होतो ते काढणारं फ्रीस मॉडेल भिंती-इमारती धरत नाही एवढं लक्षात ठेवा, त्यासाठी बिल्डिंग्जचं वेगळं मॉड्यूल आहे.

अडचणी पण आहेत. सी++ कच्चं असेल तर पहिले काही आठवडे जड जातात, एररचे पानभर मेसेज येतात. चित्रं ओढून नेटवर्क मांडायची सोय नाही, ती हवी असेल तर ओमनेट++ हा दुसरा सिम्युलेटर आणि त्याची आयनेट लायब्ररी बघा, शिक्षणासाठी ते पण फुकट आहे. आणि एनएस-2 ची जुनी ओटीसीएल स्क्रिप्ट कुणी सिनियरनं दिली असेल तर ती इथं चालत नाही, सगळं नव्यानं लिहावं लागतं.

आणखी एक, रँडम नंबरचा सीड (ते आकडे जिथून सुरू होतात ती किंमत) ठरलेला असतो, त्यामुळं तोच प्रोग्राम कितीही वेळा चालवा, आकडा तोच येतो. बरेच रिपोर्ट एकाच रनवर ग्राफ काढून मोकळे होतात हे मला अजिबात पटत नाही. आरएनजीरन या रन नंबरच्या सेटिंगची किंमत दर वेळी बदलून निदान 10 तरी रन घ्या, सरासरीबरोबर फरक किती पडतोय तेही ग्राफवर दाखवा, मग एओडीव्ही बरा का ओएलएसआर त्यावर बोला.

इन्स्टॉल करताना 3.36 किंवा त्यापुढचंच व्हर्जन घ्या, त्यात प्रोग्राम बिल्ड करायचं वाफ (Waf) हे टूल जाऊन सीमेक (CMake) आलंय, त्यामुळं जुन्या व्हिडिओतल्या कमांड तशाच्या तशा मारू नका. विंडोजवाल्यांनी डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) उबंटू टाकलं की काम होतं.