डिस्लेक्सिया: खास फॉन्ट की वाचून दाखवणारा टॅब?

डिस्लेक्सिया म्हणजे वाचन जड जाण्याची अडचण. अशा मुलाच्या टॅबवर ‘ओपनडिस्लेक्सिक’ हा खास फॉन्ट टाकला की झालं, असं बऱ्याच शिक्षकांना वाटतं. 2011 साली आलेला हा फॉन्ट फुकट आहे, अक्षरांची बुडं जाड. पण डिस्लेक्सियाची मूळ अडचण डोळ्यांत नसते. अक्षर आणि ध्वनी यांची मेंदूत सांगड घालताना ती येते. म्हणूनच चाचण्यांत या फॉन्टने वाचनाचा वेग किंवा अचूकता वाढल्याचं फारसं दिसलं नाही. मुलाला आवडला तर राहू दे, इतकंच.

वाचून दाखवण्याची सोय निराळी. शब्द उजळतो आणि त्याच क्षणी ऐकू येतो. मराठीत तर याचं मोल जास्तच. ‘किती’ घ्या: पहिली वेलांटी ‘क’च्या आधी दिसते, उच्चार मात्र नंतर, दुसरी सरळ ‘त’च्या नंतर. तिथे अडखळणारं मूल ऐकत ऐकत पुढे सरकतं, अक्षरं जुळवण्यात खर्ची पडणारं लक्ष गोष्टीकडे वळतं. खोट आहेच. यंत्राचा आवाज जोडाक्षरांवर घसरतो, आणि 30 टॅब एकदम बोलू लागले की वर्गाची मंडई होते! शिवाय नुसतं ऐकून वाचन येत नाही, ध्वनी-अक्षरांचा सराव वेगळा घ्यावाच लागतो. तरी हातात थोडेच पैसे असतील तर मी आधी हेडफोन घेईन.