जिओकॅशिंग, धुळे आणि सराट्याचे काटे: पावसाळा ते उन्हाळा वापरून

पावसाळ्यात सुरू केलं, आता मार्च संपत आला. इतक्या महिन्यांनंतर माझं मत एवढंच: खानदेशात जिओकॅशिंगचा खरा व्यायाम डबे शोधण्यात कमी आणि लपवण्यात जास्त आहे.

नवख्यांसाठी थोडक्यात. कुणीतरी डबा लपवतं आणि त्याचे अक्षांश-रेखांश ॲपवर टाकतं. आपण जीपीएसवर तिथवर पोचायचं, आतल्या वहीत नाव-तारीख लिहायची आणि डबा होता तसा ठेवून यायचं. मे २००० मध्ये अमेरिकेने जीपीएसच्या सिग्नलमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली. लगेच ३ मे रोजी ओरेगॉनमध्ये डेव्ह अल्मरने पहिला डबा ठेवला. प्रत्येक डब्याला १ ते ५ असे दोन गुण असतात, एक शोधायला किती अवघड याचा आणि दुसरा वाट किती अवघड याचा. व्यायामासाठी जाताय तर दुसराच बघा. पहिला जास्त असला की अर्धा तास एकाच झाडाभोवती घिरट्या घालण्यात जातो.

अडचण अशी की पुण्या-मुंबईच्या नकाशावर ठिपके दिसतात, आपल्याकडे नकाशा बराचसा कोरा. म्हणून आमच्या सायकलवाल्या ग्रुपने स्वतःचेच डबे ठेवायला सुरुवात केली. अधिकृत नोंद नाही, अक्षांश-रेखांश फक्त ग्रुपवर. नियम मात्र मूळ खेळाचेच: दोन डब्यांत किमान १६१ मीटर अंतर, खड्डा खणायचा नाही, आत खाण्याची वस्तू नाही. त्यात आमची भर म्हणजे किल्ल्याच्या बांधकामात आणि अभयारण्यात डबा ठेवायचाच नाही. त्यामुळे लळिंगच्या तटाबुरुजांना हात नाही आणि पाटणादेवीचं जंगलही नाही, ते गौताळा अभयारण्यात येतं. डबा ठेवायचा म्हणजे आधी दोनतीन जागा पायी हिंडून बघायच्या, मग पावसानंतर वही भिजली का ते बघायला परत जायचं. आळसावलेला माणूस ‘फिरायला चल’ म्हटलं तर उठत नाही, पण ‘तुझा डबा सापडत नाहीये’ म्हटलं की बूट घालतो.

सगळ्यात छान जमतं ते पायी. धुळे-नंदुरबार पट्ट्यात माळावर सरळ रेषेत काळ्या दगडाच्या भिंती जातात, त्या डाइक. लाव्हा भेगांतून वर येताना आतच थिजला, पुढे आजूबाजूचा खडक झिजला आणि भिंत उरली. या खेळात अर्थकॅश नावाचा प्रकार आहे. त्यात डबा नसतोच, जागेवर जाऊन भूगर्भाविषयीच्या प्रश्नांची उत्तरं शोधायची. आम्ही त्याच धर्तीवर एका डाइकसाठी प्रश्न काढला: दगडातले खांब उभे आहेत की आडवे? जवळ गेलात तर कळतं, लाकडं रचून ठेवल्यासारखे आडवे. लाव्हा दोन्ही बाजूंच्या खडकाकडून थंड होत गेला म्हणून तडे भिंतीला काटकोनात पडले. हे बघायला मंडळी टेकडी चढली, तीही तक्रार न करता.

सायकलवर मजा आहे, पण मुंबई-आग्रा महामार्ग टाळा, पाटाच्या कडेचे रस्ते धरा. तिथे सराटे. दिवाळीनंतर वाळलेला सराटा टायरमध्ये असा घुसतो की नुसती ट्यूब बदलून भागत नाही, टायरच्या आतून बोट फिरवून काटा काढावा लागतो. ट्यूबलेस टायरमध्ये सीलंट, म्हणजे भोक आतून बुजवणारा द्रव, भरल्यापासून त्रास बराच कमी.

पळणाऱ्यांना मात्र मी हे फारसं सुचवणार नाही. लय लागते न लागते तोच थांबायचं, वाकायचं, शोधायचं, अंग थंड पडतं. डबा परतीच्या टोकाला एकच ठेवला तर ठीक. जाताना पळा, तिथे श्वास घ्या, सही करा, परत पळा.

ॲपचं म्हणाल तर अधिकृत ॲपमध्ये काही डबे पैसे भरलेल्यांनाच दिसतात. अँड्रॉइडवर सी:जिओ नावाचं दुसरं ॲप फुकट आहे. सातपुड्यात, तोरणमाळच्या बाजूला, रेंजचा भरवसा नाही, नकाशा घरीच उतरवून घ्या. अक्षांश-रेखांश अंश आणि दशांश मिनिटांत असतात, साध्या दशांश अंशांत नाही. आमच्यातल्या एकाने २०° ५०.४०० हे २०.५०४ असं टाकलं आणि बाण त्याला सदतीसेक किलोमीटर दक्षिणेकडे बोलावत राहिला. शेवटच्या दहा मीटरात तर फोन खिशातच घाला. उभ्या माणसाच्या हातात बाण भरकटतो, त्यापेक्षा आपण स्वतः डबा कुठे लपवला असता ते बघा.

लोक विचारणारच. किल्ल्याच्या पायथ्याशी खाली मान घालून हिंडणारा म्हणजे गुप्तधनवाला, असा पक्का समज. एका गुराख्याने हटकलं, “काय धुंडी राह्यनात भाऊ?” डबा उघडून दाखवला, वही दाखवली. त्याने पेन्सिलने स्वतःचंही नाव लिहिलं. आता त्या बाजूच्या डब्याची बातमी आम्हाला त्याच्याकडूनच मिळते.

वहीसोबत पेन्सिलच ठेवा, उन्हाने पेनची शाई सुकते. डबा चारी बाजूंनी क्लिप लागणारा आणि वही प्लास्टिकच्या पिशवीत, नाहीतर मुंग्या शिरतात. दगड हाताने उचलू नका, काठीने सरकवा. खाली विंचू असू शकतो, फुरसंही. एप्रिल-मेत पारा चाळिशीच्या वर गेला की आम्ही माळावरचे डबे काढून आणणार आहोत, झाकणं तडकतात. मृगाचा पाऊस झाला की नव्या जागी ठेवू. ग्रुपमधल्या प्रत्येकाने आपापली जागा आताच हेरून ठेवलीय, सांगत कुणीच नाही.